ओव्या, व्हॉट्सॲप मेसेज आणि मोडी कागद, एपीएमध्ये सायटेशन कसं करायचं?

तुम्ही विचारलंय की गावातल्या आजींच्या ओव्या, ग्रुपवर आलेला व्हॉट्सॲप मेसेज आणि पेशवे दफ्तरातला मोडी कागद असं तिन्ही थिसिसमध्ये आहे, गाइडने एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ देण्याची पद्धत) सांगितलंय आणि नमुना कुठेच मिळत नाही. हुबेहूब नमुना मिळणारही नाही, शोधत बसू नका. एपीएच्या सातव्या आवृत्तीत संदर्भयादीतली नोंद म्हणजे चारच गोष्टी, कोणी, कधी, काय आणि कुठे मिळेल. यातलं ‘कुठे’ आधी बघा. वाचकाला ती गोष्ट स्वतः जाऊन बघता येत नसेल तर ती यादीत जातच नाही.

ओवी आजींकडून गप्पांत ऐकली असेल तर तो वैयक्तिक संवाद, मजकुरातच कंसात नाव, ‘वैयक्तिक संवाद’ आणि पूर्ण तारीख टाकायची, झालं. (एमएलए या दुसऱ्या संदर्भपद्धतीत तीच मुलाखत यादीत जाते, त्यामुळे मित्राच्या थिसिसवरून उचलताना त्याची स्टाइल कुठली ते बघा!) पण रेकॉर्डर घेऊन पाच-दहा जणींकडे बसला असाल तर तो तुमचा डेटा झाला, त्याला सायटेशन नाही, पद्धतीच्या प्रकरणात कसं गोळा केलं ते लिहा आणि परिशिष्टात गाव, तारीख, रेकॉर्डिंग नंबर द्या, खरी नावं द्यायची की नाही ते संमती घेताना ठरलं असेल तसं. शिवाय हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या अभ्यासकांच्या कामातून जमलेल्या जात्यावरच्या लाखभर ओव्या आहेत, त्यातल्या बऱ्याच पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साइटवर गायिकेच्या नाव-गावासकट मिळतात. तीच ओवी तिथे सापडली तर लिंक देऊन यादीत घेता येते, आणि मजकुरात गाणारीचं नाव घ्याच, नुसतं साइटचं नाव लिहून मोकळं होणं मला तरी पटत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप खाजगी, म्हणजे परत वैयक्तिक संवाद. तेच पब्लिक फेसबुक पोस्ट असतं तर पहिले २० शब्द शीर्षक म्हणून, पुढे चौकोनी कंसात ‘Status update’, मग साइटचं नाव फेसबुक आणि लिंक. स्क्रीनशॉट काढून ठेवा, लोक पोस्ट उडवतात.

मोडी कागद खरं तर सोपा आहे कारण तो पुण्याच्या पुरालेखागारात बघायला मिळतो. कागदाला शीर्षक नसतं, मग कोणी कोणाला कशाबद्दल लिहिलंय ते चौकोनी कंसात आपणच लिहायचं, पुढे पेशवे दफ्तर, रुमाल (कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं) नंबर, कागदाचा नंबर, पुरालेखागार, पुणे. रुमाल नंबर विसरलात तर तो कागद परत कोणाला सापडत नाही. तारखेत मूळ सन तसाच ठेवून शेजारी इसवी सन द्या. शकात ७८ मिळवायचे, पण जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९. सुहूर सन (मराठी कागदांत येणारी, मृगाला वर्ष बदलणारी कालगणना) असेल तर ५९९ मिळवायचे, आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६००, इथे एक वर्षाची चूक फार होते. आणि कागद स्वतः न वाचता कोणाच्या छापील लिप्यंतरावरून घेतला असेल तर सायटेशन त्या पुस्तकाचं द्या, रुमालाचं नाही.