नव्या शिक्षणसेविकेला: आधी लेबल वाचायला शिकवा

मॅडम, ‘भविष्यातली कौशल्यं’ म्हटलं की पहिली धाव संगणकाच्या खोलीकडं जाते. जाऊ द्या. फक्त लाइट कधी असते ते पाहून तास लावा अन् खोलीला कुलूप घालू नका.

माझा जोर दुसरीकडं आहे. आपली पोरं कपाशीच्या पट्ट्यातली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक माणसं गेली. म्हणून सातवीला कीटकनाशकाचं लेबल वाचायला शिकवा. डबा वर्गात आणायचा नाही, फोटो पुरे. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मग गणित: लिटरला २ मिली, पंप १५ लिटरचा, तर औषध किती? बारीक अक्षर वाचणं, प्रमाण काढणं, घरी जाऊन बापाला न घाबरता सांगणं, सगळं यातच येतं. तिसरं सर्वांत अवघड, त्याचा सराव वर्गात नाटुकलं करून घ्या.

शाळा उघडताच सरळ बाजूच्या बाटलीचं पर्जन्यमापक बसवा. रोजची नोंद पोरांनीच करावी, पुढं तीच संगणकात भरून आलेख काढावा.

कुणी म्हणेल, हे शिक्षण नाही. त्याला सांगा, १९३७ साली वर्ध्यातच गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हातानं काम करत शिकण्याची, मांडणी झाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातले सहावी ते आठवीचे दप्तराविना १० दिवसही सहलीत घालवू नका. कापसातून सरकी काढणारं जिनिंग दाखवा, बँक दाखवा.

आणि हो, कापूस वेचणीत हजेरी गळते. मोठी कामं दिवाळीआधी उरका.