मुलगा दिवसभर लिहितोच आहे, पण ओळखीच्यांना

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. रावेर तालुक्यात केळीची शेती, मुलाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, एका कारखान्यात सहा महिने ट्रेनी म्हणून काढले आणि शेवटी 'काम चांगलं आहे, पण कम्युनिकेशन कमी पडतं' असं सांगून त्याला थांबवलं. हा मोबाईलचाच प्रताप आहे का, तो काढून घ्यावा का, आणि जळगावला इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावावा का, असं तुम्ही विचारलंय. सोबत त्याचे दोन मेसेज उतरवून पाठवलेत. (त्याला विचारून पाठवले नसतील तर आजच सांगून टाका. पुढचं सगळं त्याच्या भरवशावरच व्हायचं आहे.)

पहिला मेसेज सुपरवायझरला. आधी 'हाय सर'. वीस मिनिटांनी, 'सर प्रॉब्लेम झालाय, उद्या जमणार नाही'. बस.

दुसरा केळीच्या व्यापाऱ्याला, तुमच्या सांगण्यावरून पाठवलेला: 'कांदेबाग, जी-नाईन, तीन हजार खोडं. घड सरासरी वीस किलो. शनिवारी सकाळी सातला कापणी. गाडी बांधापर्यंत येते. बोर्डाच्या भावावर काय देणार ते आज संध्याकाळपर्यंत कळवा.'

भाऊ, हा दुसरा मेसेज मी आमच्याकडे येणाऱ्या मुलांना वाचून दाखवणार आहे, अर्थात नाव-गाव न सांगता. (त्यांना एवढंच सांगावं लागेल की कांदेबाग हा केळी लागवडीचा हंगाम, जी-नाईन हे केळीचं वाण आणि बोर्डाचा भाव म्हणजे बाजारात जाहीर होणारा भाव.) काय, किती, कधी, कुठे आणि समोरच्याने काय करायचं, सगळं त्यात आहे. ज्या मुलाला हे लिहिता येतं त्याला लिहिता येत नाही असं मी मानणार नाही. व्यापाऱ्याला आपली बाग माहीत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने सगळं सांगितलं. सुपरवायझरला मात्र त्याने मित्राला लिहावं तसं लिहिलं. मित्राला 'प्रॉब्लेम झालाय' एवढं पुरतं. कालचं बोलणं, घरची अडचण, सगळं त्याला माहीत असतं, आणि नसलं तरी तो लगेच 'काय रे?' विचारतो. सुपरवायझरला उद्याची पाळी लावायची असते. ट्रेनी येणार नाही म्हणजे त्याच्या जागी कोणाला उभं करायचं आणि काम कुठवर आलंय, हे त्याला त्याच मिनिटाला हवं असतं.

तोच मेसेज असा जायला हवा होता: 'सर, मी दुसऱ्या पाळीतला ट्रेनी. आजोबांना जळगावला दवाखान्यात न्यायचं आहे, म्हणून उद्या मंगळवारी रजा हवी. लाइन दोनचं तपासणी रजिस्टर आजपर्यंत भरून तुमच्या टेबलावर ठेवलं आहे. बुधवारी दुसऱ्या पाळीला येतो. रजा चालेल का, कळवा.' इंग्रजी एक ओळ नाही, अवघड शब्द नाही. मुलाला हा कागदावर लिहून दाखवा आणि व्यापाऱ्याच्या मेसेजशेजारी ठेवा. दोन्ही एकाच जातीचे आहेत हे त्याच्या लगेच लक्षात येईल.

व्हॉइस नोटचंही तेच. बोलायला ती सोपी, पण मशिनच्या आवाजात कोणी ऐकत नाही, आणि मेंटेनन्सवाल्याला त्यातलं कामाचं एक वाक्य काढून पुढे पाठवता येत नाही. कामाचं लिहून पाठवायचं. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, पण तोवर सुपरवायझरने वाचलेला असतो. म्हणून पाठवण्याआधी एकदा वाचायचं.

मोबाईल काढून घेऊ नका. भरतीची सूचना, कॉलेजचे निरोप, केळीचे भाव, सगळं आज त्यावरच येतं. शिवाय रोज लिहिण्याची सवय मोलाची आहे, मग वाचणारे मोजके का असेनात. आपल्या अमळनेरला १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढायचे. वाचक कोण, तर वसतिगृहातली पोरं! तेवढ्यांसाठीही रोज नेटानं लिहिणारा माणूस आपल्या खान्देशात होऊन गेला.

शिकण्याबद्दल थोडं सांगतो, कारण पत्रात तुम्ही यूट्यूबची तक्रार केली आहे. व्हिडिओ पाहून तो वेल्डिंगमधले दोष ओळखायला शिकला असेल तर ते शिकणंच आहे. अडतं ते पुढे. पाहताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि मुलाखतीत 'समजावून सांग' म्हटलं की तोंड उघडत नाही. ग्रुपवर आलेल्या नोट्सच्या पीडीएफचीही तीच गत, साठवल्या जातात, वाचल्या जात नाहीत. एक व्हिडिओ झाला की मोबाईल पालथा ठेवून पाच ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या. जिथे पेन थांबेल तिथे परत व्हिडिओ.

इंग्रजीचा क्लास लावा, पण तीन महिन्यांनी. कारखान्यात मेल इंग्रजीत जातात, ते शिकावंच लागेल. पण मराठीत जे सांगायचं राहिलं ते इंग्रजीतही राहणार. आता मोबाईल स्वतःच इंग्रजी लिहून देतो, तरी रजिस्टर कुठे ठेवलंय हे त्याला कुठून कळणार?

लिंक्डइनवर त्याने खातं उघडलंय म्हणता. तिथली 'मेहनती, उत्साही, टीममध्ये काम करणारा' ही उसनी ओळ आधी काढून टाका. डिप्लोमाला त्याने ठिबकच्या व्हॉल्व्हला वेळ लावणारं यंत्र बनवलं होतं ना? त्याचा शेतातला फोटो आणि सहा ओळी: अडचण काय होती, काय जोडलं, किती दिवस चाललं, काय बिघडलं, कसं दुरुस्त केलं. नोकरी देणाऱ्याला 'काय बिघडलं' ही ओळ सगळ्यात जास्त वाचायची असते.

आणि आजपासून एक काम. तुमचे धाकटे भाऊ सुरतला असतात असं तुम्ही लिहिलंय. मुलाने रोज रात्री काकांना दहा ओळींचा मेसेज पाठवायचा, घरच्या बोलीतच: आज काय केलं, काय शिकलो, बागेत काय चाललंय. त्यांनी बाग वर्षभर पाहिलेली नाही, म्हणून वाचणारे म्हणून तेच बरे. काकांना सांगून ठेवा, जे कळलं नाही ते विचारायचं, भीड ठेवायची नाही. त्यांचा प्रत्येक प्रश्न म्हणजे मुलाने सांगायची राहिलेली गोष्ट. पहिल्या आठवड्याचे प्रश्न एका वहीत उतरवून घ्यायला सांगा, आणि वही घेऊन दोघेही या. तुम्हीही यायचं.