आई खेड्यात एकटी राहते, जवळपास कुठलीच सेवा नाही. मदत कशी शोधायची?

तुम्ही लिहिलंय की आई 78 वर्षांच्या आहेत, घर सोडायला तयार नाहीत, गेल्या महिन्यात न्हाणीघरात पडल्या आणि त्यांना कमी ऐकू येतं. तुम्ही चार तासांच्या अंतरावर नोकरीला. ज्या ज्या एजन्सीला फोन केला तिथून ‘तिकडे आमची माणसं येत नाहीत’ एवढंच उत्तर मिळालं.

मी घरी जाऊन शुश्रूषा करणारी नर्स आहे. हल्ली प्रत्यक्ष शुश्रूषेपेक्षा लांबलांबच्या घरांत कोण, कधी, कसं पोचणार याची जुळवाजुळव करण्यातच माझा जास्त वेळ जातो. म्हणून आधी त्या नकाराबद्दल बोलते. तो बहुतेक वेळा प्रवासामुळे असतो. शहरातली मदतनीस दिवसाला चार-पाच घरं करू शकते. खेड्यात एका घरी जायला-यायलाच दोन तास लागले तर तासाभराच्या कामापायी तिचा अर्धा दिवस जातो, आणि वाटेतल्या वेळेचे पैसे तिला सहसा मिळत नाहीत. तेव्हा एजन्सीकडे नुसता माणूस मागू नका. ‘या भागात तीन घरं आहेत, सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी याल का?’ असं विचारा. तिघांनी वेगवेगळं विचारलं तर तीन नकार येतात, एकत्र विचारलं तर निदान बोलणं तरी सुरू होतं.

बाकीची दोन घरं कुठून आणायची? गावात रोज फिरणारी माणसं असतात: आरोग्य केंद्रातली नर्स, टपाल वाटणारा, औषधं देणारा दुकानदार. कोणाच्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे हे त्यांना पाठ असतं. ते तुम्हाला नावं सांगणार नाहीत, आणि सांगूही नयेत. तुमचा नंबर त्यांच्याकडे ठेवा आणि ‘अशीच सोय बघणारं कुणी भेटलं तर त्यांना हा द्या’ म्हणा. थोडा धीर धरावा लागतो, पण फोन येतात.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही. नेदरलँड्समध्ये योस द ब्लोक नावाच्या नर्सने 2006 साली ब्यूर्टझोर्ख ही संस्था सुरू केली, तिचं कामच वस्तीनिहाय चालतं. जास्तीत जास्त 12 जणांची तुकडी, तिला ठरावीक भाग नेमून दिलेला, आणि कुणाकडे कधी जायचं हे त्या नर्सच आपसात ठरवतात, वर साहेब नाही. केरळात मलप्पुरम आणि कोळिकोड भागात दुखणाइतांसाठी जे शेजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं, त्यातही गावातलेच लोक थोडं प्रशिक्षण घेऊन आठवड्यातले काही तास देतात. ते जवळ बसतात, विचारपूस करतात, काही बिनसलेलं दिसलं तर कळवतात. जखमा, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, वेदनेची औषधं हे नर्स आणि डॉक्टर बघतात. ही वाटणी तुम्हीही करा. पुष्कळ घरांत शेजारणीवर नर्सचं काम येऊन पडतं, आणि नर्सची वाट बघत शेजारणीने सहज केली असती अशी कामं पडून राहतात.

वाटणीसाठी आधी कामं कागदावर हवीत. डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी 1963 साली अंगाशी निगडित सहा गोष्टींची यादी मांडली: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून-खुर्चीतून उठणं, लघवी-शौचावर ताबा आणि आपल्या हाताने जेवणं. लॉटन आणि ब्रोडी या संशोधकांनी 1969 मध्ये संसाराच्या आठ गोष्टींची आणखी एक यादी दिली: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरातली आवराआवर, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशाचे व्यवहार. जगभर आम्ही लोक अजून याच दोन याद्यांवरून चालतो. म्हातारपणी साधारणपणे दुसऱ्या यादीतली कामं आधी सुटतात, आणि त्यातल्या बहुतेकांना नर्स लागत नाही. आई सध्या तिथेच असतील तर तुम्ही शोधताय ती ‘सेवा’ कदाचित तुम्हाला नकोच आहे.

यादी आईला विचारून भरू नका, बघून भरा. एका आजींना मी विचारलं, आंघोळ कशी करता? ‘माझी मी करते की!’ मग म्हटलं, कपड्यांसकट, खोटीखोटीच करून दाखवा. बादली त्यांनी जेमतेम पाव भरली, कारण त्याहून जड झाली की त्यांना सरकवता येत नव्हती. मग एका हाताने नळ घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने, उभ्याउभ्याच, तांब्या डोक्यापर्यंत नेला. नळ पार हलत होता. म्हणजे खोटं त्या बोलल्या नव्हत्या. त्यांना आंघोळ घालायला बाई नको होती. बसायला न घसरणारं स्टूल, भिंतीत पक्का बसवलेला दांडा आणि सकाळी बादली भरून जाणारं कुणीतरी एवढंच लागत होतं. ते झालं, आणि एजन्सीचा विषयच निघाला नाही.

आई पडल्या आहेत म्हणून आणखी एक करा. त्यांना साध्या खुर्चीतून उठायला सांगा, तीन मीटर त्यांच्या नेहमीच्या चालीने चालू द्या, वळून परत येऊन बसू द्या. तुम्ही हात पोचेल इतक्या अंतरावर राहा. याला 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पुन्हा पडण्याचा धोका आहे असं धरतात, आणि मग तुमच्या यादीत पहिलं नाव फिजिओथेरपिस्टचं. तोही रोज यायची गरज नाही. सुरुवातीला काही वेळा येऊन पायांत जोर आणणारे, तोल सांभाळणारे व्यायाम शिकवून गेला आणि ते रोज कुणीतरी करून घेतले तरी फरक पडतो. जोडीला घरातल्या सगळ्या गोळ्या, जुन्या पाकिटांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. झोपेची गोळी, रक्तदाबाची गोळी, सर्दीचं औषध, वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी दिलेलं, यांच्यामुळे उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. पण मनाने काही बंद करू नका.

आता माणसं. वैद्यकीय कामासाठी माणूस मिळवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या आधीचे दोन दिवस. पुढे कधी आईंना भरती करावं लागलं तर हे लक्षात ठेवा. रुग्ण खाटेवर असेपर्यंत तुमचा प्रश्न हा त्यांचाही प्रश्न असतो. घरी पोचलात की तो एकट्या तुमचा. सुट्टीच्या कागदावर सही करण्याआधी विचारा: पट्टी कोण बदलेल, घराच्या सगळ्यात जवळ असं कोण आहे, वॉकर आणि कमोडची खुर्ची भाड्याने कुठे मिळते, रात्री काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन. समाजसेवा अधिकारी असतील तर त्यांना गाठा. या मंडळींकडे जी माहिती असते ती इंटरनेटवर नसते.

अंगाच्या कामासाठी मात्र मी गावातलीच व्यक्ती बघायला सांगेन, बाहेरची कितीही शिकलेली असली तरी. गावातली बाई बस चुकली म्हणून यायची राहत नाही. शिक्षण कमी असेल तर लागेल तेवढं शिकवता येतं: एखादी नर्स दोन-तीनदा येऊन उठवायची पद्धत, पाठीची कातडी कशी बघायची, गोळ्यांचा डबा कसा भरायचा हे दाखवून जाऊ शकते. आणि पूर्णवेळ एक बाई ठेवण्यापेक्षा अर्धवेळ दोघी ठेवा. एक आजारी पडली तर दुसरी असते, दोघींनाही सुट्टी मिळते, आणि घरात काही खटकलं तर एकीचं दुसरीला दिसतं. यावर पुष्कळ जण माझ्याशी वाद घालतात, खर्च वाढतो म्हणतात. तास तेवढेच ठेवले तर फारसा वाढत नाही.

पहिल्यांदा ती येईल तेव्हा तुम्ही तिथे असा, आणि काही न बोलता बघा. मला एक बाई पहिल्याच दिवशी पटली होती ती अशी: पक्षाघात झालेल्या काकांना उठवायच्या आधी ती त्यांच्यासमोर, त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसली आणि म्हणाली, ‘काका, आता उठवते हं, तुमचा चांगला हात माझ्या खांद्यावर ठेवा.’ मग थांबली. काकांनी हात ठेवल्यावरच उठवलं. काखेत हात घालून ओढलं नाही. जी बाई म्हाताऱ्या माणसासमोरच ‘यांना काही कळतं का?’ असं तुम्हाला विचारते तिला मी दुसऱ्या दिवशी बोलावणार नाही.

पैशांबाबत थोडक्यात: पगार ठरल्या तारखेला, खर्चाची वही आणि पावत्या घरातच, एटीएम कार्ड आणि पिन कुणाकडेही नाही. हे पहिल्या दिवशीच सांगितलं तर त्यात अपमान वाटत नाही.

पडल्यावर बटण दाबायचं गळ्यातलं यंत्र घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. घ्या, पण आधी घरात, विशेषतः न्हाणीघरात, नेटवर्क येतं का ते बघा. लोक ते नेमकं आंघोळीच्या वेळी काढून ठेवतात, म्हणून पाण्यात चालणारंच घ्या. आणि बटण दाबल्यावर फोन तुम्हाला गेला तर उपयोग काय, तुम्ही चार तासांवर! तो दहा मिनिटांत पोचेल अशा माणसाला जायला हवा, आणि त्याच्याकडे घराची किल्ली हवी. व्हिडिओवरून डॉक्टरांशी बोलणं खेड्यात फार कामाला येतं, फक्त शेजारी कुणीतरी बसलेलं हवं. नाहीतर डॉक्टर विचारतात पायावर सूज आहे का, आणि कॅमेऱ्यात छत दिसत असतं.

रात्रीचा प्रश्न मात्र अवघड आहे, तो गोड करून सांगत नाही. दिवसाची कामं वाटता येतात, रात्र वाटता येत नाही. आई रात्रभर शांत झोपत असतील, शौचाला उठताना पायाजवळ दिवा आणि हाताशी आधार असेल, तर एकटं राहणं बराच काळ चालू शकतं. पण त्या रात्री घराबाहेर पडायला लागल्या, शेगडी पेटती ठेवून विसरायला लागल्या किंवा उठवायला दोन माणसं लागू लागली, तर गावातली जुळवाजुळव पुरणार नाही. तेव्हा कुणीतरी मुक्कामाला हवं किंवा त्यांना हलवावं लागेल. हा दिवस यायच्या आधीच एखाद्या चांगल्या केंद्रात आठवडाभर राहून बघायची कल्पना त्यांच्यापुढे मांडा, त्यांना स्वतःला ठरवता येतंय तोवर. ‘नाही’ म्हणाल्या तरी काय नको आहे ते कळेल, आणि ते लिहून ठेवा.

तुमच्या प्रश्नात एक मावशी रोज डोकावतात असा ओझरता उल्लेख आहे. त्यांचं वय किती? तुमच्या सगळ्या व्यवस्थेचा भार आत्ताच त्यांच्यावर आहे असं मला दिसतंय. काळजी घेणाऱ्यावर किती ओझं आहे हे मोजायला झारिट यांची 22 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, पण मावशींच्या हातात कागद देऊ नका. ‘तुम्हाला कुठला दिवस मोकळा हवाय?’ एवढंच विचारा आणि त्या दिवसासाठी माणूस शोधा. माझ्या मते तुमची पहिली नेमणूक हीच असावी.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी आईचे कान तपासून घ्या. म्हातारपणी कानात मळ घट्ट होऊन बसतो आणि त्यानेही ऐकू येणं बरंच कमी होतं. तो डॉक्टरांकडून काढून घ्या, घरी काडी घालू नका. मळ नसेल तर श्रवणयंत्राचं बघा. तुम्ही लिहिलंय की फोन केला की आई ‘हो, बरं आहे’ म्हणून लगेच ठेवून देतात. कान तपासून झाले की पुन्हा विचारा, आणि या वेळी ‘बरी आहेस ना?’ असं न विचारता ‘आज दुपारी कोण आलं होतं?’ असं विचारा.