मड टायर घेण्याआधी : ठाणे-नवी मुंबईच्या वाटांवर कुठला टायर चालतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वजन ७६ किलो, २९ इंची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल), सायकलबरोबर आलेले २.२ इंच रुंदीचे टायर, घर घोडबंदर रोडला. जूनच्या पहिल्या पावसात पुढचं चाक दोनदा सटकलं. म्हणून आता पुढे-मागे मड टायर, म्हणजे खास चिखलासाठी बनवलेले टायर घालायचा विचार आहे, आणि तेच हिवाळ्यात चालतील का हे हवंय.

मड टायर नको. फक्त पुढचा टायर बदला. तो मऊ रबराचा आणि मध्यम उंचीच्या नॉबचा (नॉब म्हणजे टायरवरचे रबरी उंचवटे) घ्या. मागचा आहे तो झिजेपर्यंत चालवा. आणि हे सगळं करायच्या आधी, फुकटात, हवा कमी करून बघा. अर्ध्या लोकांचा प्रश्न तिथेच सुटतो.

मड टायर नको म्हणतोय, कारण आपल्याकडे पावसाळ्यात सायकल चिखलापेक्षा ओल्या दगडावरून जास्त घसरते. मड टायरचे नॉब उंच, टोकदार आणि एकमेकांपासून लांब असतात. मॅक्सिस कंपनीचा शॉर्टी डोळ्यांसमोर आणा. हे नॉब खोल, मऊ मातीत रुतून पकड घेतात आणि दोन नॉबमधल्या मोकळ्या जागेतून चिखल फेकून देतात. म्हणजे खाली रुतायला माती हवी. आपला सगळा डोंगर बेसॉल्टचा. त्यावर मुरमाचा आणि मातीचा जेमतेम थर, तोही उतारावर धुऊन गेलेला. नॉब वरचा दोन बोटं राडा पार करतो आणि खाली कातळावर जाऊन उभा राहतो. मग जमिनीला टेकतात ती फक्त टोकं, आणि वळताना ती वाकतात. जिथे पकड सगळ्यात जास्त हवी तिथेच सगळ्यात कमी रबर जमिनीला लागतंय, असा प्रकार होतो.

ओल्या कातळावर नॉबच्या आकारापेक्षा रबराचा मऊपणा महत्त्वाचा. तो शोअर ए या मापात मोजतात. आकडा जितका कमी तितकं रबर मऊ. स्वस्त किंवा रस्त्यासाठी बनवलेल्या टायरचं रबर ६५-७० च्या घरात, ट्रेलसाठीच्या, म्हणजे डोंगरवाटांसाठीच्या चांगल्या टायरच्या कडेच्या नॉबचं ५० च्या आसपास किंवा त्याहून खाली. दुकानात आकडा क्वचितच लिहिलेला दिसतो, कंपन्या आपापली नावं देतात. मॅक्सिसमध्ये ड्युअल हे कडक आणि टिकाऊ, मॅक्सटेरा मधलं, मॅक्सग्रिप सगळ्यात मऊ. श्वाल्बे कंपनीच्या ॲडिक्स रबराच्या टायरवर रंगीत पट्टी असते : लाल म्हणजे स्पीड, निळी स्पीडग्रिप, नारिंगी सॉफ्ट, जांभळी अल्ट्रा सॉफ्ट. तुम्हाला पुढे मॅक्सटेरा किंवा नारिंगी पट्टी पुरे. जांभळ्यापर्यंत जाऊ नका. घोडबंदर रोडचं डांबर ते महिन्यांत खाऊन टाकेल. कसलंच नाव नसलेला टायर हातात आला तर नॉबवर नख दाबून बघा आणि शेजारच्या महागड्या टायरवरही तसंच दाबा. फरक बोटाला कळतो.

शेवाळाबद्दल मात्र खरं सांगायचं तर जुलैच्या मध्यानंतर झाडांच्या सावलीतल्या कातळावर जे हिरवं साचतं, त्यावर कुठलाच टायर धरत नाही, तुम्ही कितीही पैसे घाला. तिथे सरळ जायचं, सायकल झुकवायची नाही, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, वेग आधीच कमी करून ठेवायचा. नाहीतर उतरून चालायचं, त्यात कमीपणा कसला? येऊरच्या डांबरी रस्त्याच्या कडेलाही असाच पट्टा तयार होतो. मागून गाडी आली म्हणून अगदी कडेला सरकणारे तिथेच आडवे होतात.

तुम्ही कुठे सटकलात ते लिहिलेलं नाही, पण पहिल्या पावसातला सटकण्याचा प्रकार बहुधा ट्रेलचा नसतोच. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि तेल रस्त्यावर वर येतं. त्यात पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, कामासाठी टाकलेल्या लोखंडी प्लेटा. यावर उंच नॉबचा टायर गुळगुळीत टायरपेक्षाही वाईट. तुमचं तसंच झालं असेल तर मड टायरने ते वाढेल.

खरा चिखल आपल्याकडे दोनच ठिकाणी भेटतो. एक पनवेलच्या पलीकडे, मालडुंगे, धोदाणी बाजूला, भातखाचरांच्या मधल्या वाटांवर. दुसरा खाडीकाठी, खाजणाच्या बांधांवर. भातखाचराची माती चिकट असते, चाकाला लागली की थर चढत जातो आणि शेवटी टायर आणि फ्रेममध्ये अडकून चाक फिरायचंच थांबतं. तिथे रुंद टायर उलट त्रास देतो. २.१ किंवा २.२ चा, विरळ नॉबचा टायर लवकर मोकळा होतो. आणि लावणीच्या दिवसांत लोकांच्या बांधांवरून सायकल नेऊ नये हे वेगळं सांगायला नको. चाकाने बांध फुटला की पाणी जातं. खाजणाच्या चिखलाला तर काहीच उपाय नाही. त्यात मीठ असतं, घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल द्या, नाहीतर आठवड्यात गंज.

आता हवा. हे नीट वाचा, कारण टायरच्या निवडीपेक्षा याने जास्त फरक पडतो. टायरच्या कडेवर जो पीएसआयचा (हवेच्या दाबाचं माप) मोठा आकडा छापलेला असतो तो कमाल आहे, तेवढी भरायची असं नाही. पंक्चरवाला अंगठ्याने दाबून टणक लागेपर्यंत भरतो, कारण त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक सायकली दूध-पेपरवाल्यांच्या आणि शाळेच्या. तुमच्या टायरमध्ये आत्ता ४५-५० असेल असा माझा अंदाज. तुमच्या वजनाला, ट्यूब असलेल्या २.२ टायरला ओल्या वाटेवर पुढे २६-२७ आणि मागे ३०-३१ पासून सुरुवात करा. मागे जास्त, कारण बसल्यावर वजन मागे जातं. मग प्रत्येक फेरीला एक-एक पीएसआय खाली या. मागचं रिम दगडावर आपटल्याचा ठक आवाज आला की दोन वर चढवा आणि तिथेच थांबा. ट्यूबवाल्या टायरला याहून खाली नेलं की ट्यूब दगड आणि रिमच्या कडेत चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ते पंक्चर काट्याचं नव्हे, कमी हवेचं.

गेज (दाब दाखवणारा काटा) असलेला, जमिनीवर उभा करून वापरायचा फ्लोअर पंप घ्या, टायरच्या आधी तो. सगळे पंप थोडे-थोडे वेगळे दाखवतात, म्हणून दरवेळी एकच वापरा. आणि हवा भरल्यावर सायकल उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत टाकून नेणार असाल तर दर दहा अंश तापमानाला साधारण दीड पीएसआय वाढतो. मेच्या दुपारी सकाळची सगळी बारीक मोजदाद पाण्यात जाते.

हिवाळ्याची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर संपता-संपता जमीन टणक होते आणि वर मुरमाची बारीक खडी सुटी पडते. ट्रेकवाले ज्याला घसारा म्हणतात तोच. खारघरच्या टेकडीवर किंवा कर्नाळ्याच्या आसपासच्या गाडीवाटांवर उतरताना पायाखाली बॉल बेअरिंग टाकल्यासारखं वाटतं. इथे मधले नॉब फार कामाचे नाहीत, कडेचे नॉब कामाचे. ते मजबूत, चौकोनी आणि एका ओळीत हवेत. मॅक्सिसच्या मिनियन डीएचएफचं नाव यासाठीच घेतात. पण त्यात मधल्या आणि कडेच्या नॉबमध्ये मोकळी पट्टी आहे. सायकल भरपूर झुकवली तर कडेचे नॉब चावा घेतात, अर्धवट झुकवली तर त्या मोकळ्या पट्टीवरच तरंगत राहता. ज्यांना वळणावर सायकल झुकवायची भीती वाटते (सुरुवातीला सगळ्यांनाच वाटते) त्यांना मधल्या जागेत आणखी नॉब असलेला टायर बरा. श्वाल्बेचा नॉबी निक त्या प्रकारातला. तुम्हाला मी पुढे तोच सुचवेन, २.३५ मध्ये. पावसाळा आणि हिवाळा दोन्ही तो निभावतो, म्हणून ऋतूप्रमाणे टायर बदलत बसण्याची कटकट नाही.

मागच्या टायरबद्दल फार विचार करू नका. पुढचं चाक गेलं तर माणूस पडतो, मागचं गेलं तर सायकल नुसती शेपूट हलवते. शिवाय तुमचा अर्धा प्रवास डांबरावर आहे. घरून येऊरच्या पायथ्यापर्यंत मऊ रबराचा मागचा टायर ओढत नेण्यात दम जातो आणि मधले नॉब आधी झिजतात. सध्याचा संपला की मागे बुटक्या, जवळ-जवळ नॉबचा, कडक रबराचा टायर घाला. मॅक्सिस आयकॉन, व्हिटोरिया मेझकाल, श्वाल्बे रेसिंग राल्फ, यांतला जो दुकानात मिळेल तो. ‘दोन्ही टायर सारखेच हवेत’ असं दुकानदार म्हणेल. म्हणू दे.

मागच्या टायरला एक गोष्ट मात्र बघायची, त्याची बाजू. फुटलेला बेसॉल्ट धारदार असतो आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेली खडी त्याहून. नॉबला काही होत नाही, बाजूचं कापड कापतं. मॅक्सिसमध्ये एक्सो (म्हणजे मजबूत बाजूचा) लिहिलेला टायर घ्या, बाकी कंपन्यांतही जाड बाजूचा प्रकार असतो. शंभर-दीडशे ग्रॅम वजन वाढेल, वाढू दे. खिशात जुन्या टायरचा काडेपेटीएवढा तुकडा कापून ठेवा. बाजू फाटली तर आतून लावून घरापर्यंत येता येतं.

ट्यूबलेसबद्दल, म्हणजे ट्यूबशिवाय चालणाऱ्या टायरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे विचारालच. नोव्हेंबर ते मे यासाठी ते आपल्याकडे वर्थ आहे, आणि कारण एकच : काटे. भात कापून झाल्यावर शेतांना बाभळीच्या, बोरीच्या फांद्यांची कुंपणं पडतात आणि त्यांचे काटे वाटेवर येतात. टायरमध्ये घालायचं सीलंट नावाचं द्रव बारीक भोकं तिथल्या तिथे बुजवतं. ट्यूब नसल्यामुळे चिमट्याचं पंक्चरही नाही, म्हणून हवा आणखी चार-पाच पीएसआय खाली नेता येते. तुमच्यासाठी पुढे २१-२२, मागे २५. पण रिम ट्यूबलेसला चालणारं हवं. स्वस्त सायकलींच्या सिंगल वॉल (एकाच थराच्या) रिमवर टेप लावून जुगाड करू नका, वळणावर टायर रिमवरून सुटला तर हवा एका क्षणात जाते. आणि बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, आपल्या उकाड्यात सीलंट लवकर सुकतं. दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटा भाग) काढून एक काडी आत घालून बघा, ओली आली नाही तर ८०-९० मिली पुन्हा घाला. हे जमणार नसेल तर ट्यूबच ठेवा. कोअर निघणारी ट्यूब असेल तर त्यातही थोडं सीलंट घालता येतं, काट्यांपुरतं काम होतं.

जाता-जाता, कारण दरवर्षी कुणीतरी अडकतं : येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. डांबरी रस्ता सोडून आतल्या पायवाटांवर परवानगीशिवाय सायकल घालू नका. वनखातं अडवतं ते बरोबरच आहे, तिथे बिबटे आहेत. खारघरला पांडवकडा आणि धबधब्यांच्या बाजूला पावसाळ्यात बंदी असते. निघण्याआधी त्या वर्षीचा आदेश बघून घ्या.

आता खरेदीआधीचं माप. २.३५ चा टायर प्रत्येक रिमवर तेवढाच रुंद भरत नाही. आतून १९ मिलिमीटरचं रिम असेल तर टायर वर गोल होऊन डोलतो आणि कमी हवेत वळणावर दुमडतो. अशा रिमवर २.२५ च्या पुढे जाऊ नका. २५ किंवा त्याहून जास्त असेल तर २.३५ किंवा २.४ निर्धास्त घाला. रिमवर किंवा त्याच्या स्टिकरवर ६२२ आणि त्यापुढे एक दोन आकडी संख्या छापलेली असते. ती आतली रुंदी. ती, आणि पुढच्या फोर्कमध्ये सध्याच्या टायरच्या दोन्ही बाजूंना किती मिलिमीटर मोकळे आहेत, एवढं इथे लिहा. सहाच्या खाली असेल तर चिखलात अडकेल, मग २.२५ मध्येच मऊ रबराचा कुठला घ्यायचा ते बघू.