बातम्यांमध्ये तरुणांचं चित्र एकांगी असतं, असं तुम्हाला वाटतं का?

हो, वाटतं. काही वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर काम केलंय, त्यामुळे तसं का होतं तेही जवळून पाहिलंय.

पोलिसांची प्रेसनोट रोज येते. नाव, वय, कलम, सगळं तयार. पान लावायच्या घाईत तीच हाताशी असते. म्हणून कोयता, स्टंट, दारू पिऊन गाडी, असलं रोज छापून येतं. मग वर्षातून दोनदा बोर्डाचे निकाल: कोकण विभाग अव्वल, मुलींचीच बाजी, पेढे भरवतानाचा फोटो. आयटीआय करून कंत्राटावर राबणारा किंवा तालुक्याच्या अभ्यासिकेत तिशीला टेकलेला मुलगा या दोन्हींत बसत नाही, त्यामुळे तो छापूनच येत नाही.

एमपीएससीचं उदाहरण घ्या. आधीच अनेकदा लांबलेली पूर्वपरीक्षा १४ मार्च २०२१ ला होणार होती, ती तीन दिवस आधी पुन्हा पुढे ढकलली. पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मागणी होती, वर्णनात्मक (म्हणजे सविस्तर उत्तरं लिहायची) पद्धत लगेच नको, २०२५ पासून लागू करा. ऑगस्ट २०२४ मध्ये बँक भरतीची आयबीपीएस परीक्षा आणि एमपीएससीची राज्यसेवा पूर्व एकाच दिवशी, २५ तारखेला आली होती. मागण्या किती नेमक्या होत्या बघा! २०२१ ची परीक्षा आठवड्यात झाली, २०२३ ची मागणी मान्य झाली, २०२४ ची तारीख बदलली. म्हणजे मुलांचं म्हणणं रास्तच होतं. तरी मथळे 'विद्यार्थी आक्रमक' असेच, आणि नेते आंदोलनस्थळी पोचले की माइक त्यांच्याकडे वळायचे. रस्ता अडण्याआधी दिलेल्या निवेदनांना मात्र आतल्या पानावर चार ओळी मिळाल्या तरी पुष्कळ.

मला सगळ्यात जास्त खुपलं ते मे २०२४ चं पुण्यातल्या कल्याणीनगरचं पोर्शे प्रकरण. अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांना उडवलं होतं. 'बिघडलेली पिढी' म्हणून चर्चा रंगल्या. पण त्यात जीव गेलेले दोघं अभियंतेही २४ वर्षांचेच होते. आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपात पुढे अटक झाली ती डॉक्टरांना आणि त्या मुलाच्या आईवडिलांना, म्हणजे मोठ्या माणसांना.

उपाय अवघड नाही. क्राइमला जसा रोजचा बातमीदार असतो, तसा एक माणूस भरती, वसतिगृहं, शिष्यवृत्ती आणि कंत्राटी नोकऱ्यांवर हवा. त्याने आंदोलनाची वाट न बघता आठवड्यातून दोन वेळा अभ्यासिकेत जाऊन बसावं.