पुस्तक वाचून सिगारेट सुटते का? माझी दोनदा सुटली, एकदाच टिकली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवसाला दहा सिगारेट होतात, मित्राने सिगारेट सोडवणारं एक इंग्रजी पुस्तक हातात ठेवलंय, आणि असल्या पुस्तकांनी खरंच कुणाची सुटते का, की आठ दिवस वाचण्यात जाणार आणि नवव्या दिवशी पुन्हा चहाच्या गाड्यावर.

माझी सुटली. पण पुस्तकामुळे सुटली म्हटलं तर ते अर्धं खोटं होईल, आणि पुस्तकाशिवाय सुटली म्हटलं तर बायको ओरडेल, कारण पैसे तिने दिले होते.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. वायरिंगची कामं करतो आणि जत्रांच्या मोसमात गावोगावच्या मराठी नाटकांना लाइट्स करतो. विसाव्या वर्षी सिगारेट धरली, पंचेचाळिसाव्या वर्षी सोडली. शेवटी शेवटी दिवसाला चौदा व्हायच्या. नाटकाच्या रात्री मोजत नसे.

पुस्तक बहुधा तुमच्याकडे आहे तेच: अ‍ॅलन कार यांचं 'द ईझी वे टू स्टॉप स्मोकिंग', १९८५ सालचं. कार पेशाने अकाउंटंट. दिवसाला शंभरापर्यंत ओढायचे, १९८३ मध्ये सोडली, आणि २००६ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले. त्यांचं म्हणणं असं, की सिगारेट आराम देत नाही, आधीच्या सिगारेटने लावलेली तलफ तेवढी भागवते. म्हणजे आपणच कौल फोडायचं, गळतीखाली बादली ठेवायची आणि वर बादलीचं कौतुक करायचं. हे मला पटलं, आणि ते खरंही आहे. धूर आत गेला की दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोचतं आणि दोनेक तासांत रक्तातलं निम्मं उतरतं, म्हणून हात पुन्हा खिशाकडे जातो. पंचवीस वर्षं मी ज्याला 'टेन्शन' म्हणत होतो त्यातलं बरंचसं हे उतरणंच होतं.

दिवाळीनंतर आठवड्याभरात वाचून काढलं आणि त्याच रात्री शेवटची ओढली. एकोणीस दिवस हवेत होतो. भेटेल त्याला बादली आणि कौल ऐकवत होतो. विसाव्या रात्री एका देवळासमोर नाटक. दुसरी घंटा झालेली, तिसरीला पाच मिनिटं, आणि राजाचा जिरेटोप सापडत नव्हता. सगळे पेटारे उपसत होते. मी डिमरवर हात ठेवून नुसता उभा. ऑर्गनवाल्याने न बोलता पाकीट पुढे केलं, मी न बोलता घेतली. जिरेटोप सापडेपर्यंत दुसरीही झाली.

ती एक सिगारेट मोठी नव्हती. मोठं होतं ते पुढचं. पुस्तक म्हणतं सोपं आहे, आणि सोपी गोष्ट मला जमत नाही, म्हणजे खोट माझ्यातच. ह्या लाजेत मी आठवड्याभरात चौदावरून अठरावर गेलो. असल्या पुस्तकांबद्दल माझी खरी तक्रार ही. 'सोपं आहे' ह्या शब्दाने सुरुवात करायला बळ मिळतं, पण पडणाऱ्याला ते शब्द फार लागतात. सोडणारा माणूस टिकण्याआधी अनेकदा घसरतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर त्या दोन सिगारेटी दोनच राहिल्या असत्या.

दुसऱ्या खेपेला गंमत झाली. पुस्तकात एक सवलत आहे: वाचून पूर्ण होईपर्यंत ओढत राहा. ही एक सूचना मी मनापासून पाळली. शेवटचं प्रकरण वाचलं की शेवटची सिगारेट, हे ठाऊक असल्यामुळे मी त्या प्रकरणाच्या आधी विजेचं बिल खूण म्हणून घातलं आणि पुस्तक फ्रिजवर ठेवलं. तिथे ते सात महिने होतं. बायको धूळ पुसताना विचारायची, "अहो, आधी काय संपणार, हे पुस्तक की तुम्ही?"

तिसऱ्या वाचनात मला कळलं की पुस्तक चुकत नाहीये, ते माझ्याबद्दल नाहीये. त्यातला माणूस पाकीट घेतो, घरात अ‍ॅश-ट्रे ठेवतो, जेवल्यावर खुर्चीत बसून ओढतो. सोडताना पाकीट फेकून द्या, लायटर फेकून द्या, हा असल्या पुस्तकांचा ठरलेला उपदेश. काय फेकू? माझ्याकडे पाकीटच नव्हतं. आपल्यातले कितीतरी जण सुटी घेतात. गाड्यावर चहासोबत एक, लायटर तिथेच रबराला टांगलेला. पाकिटावरचं ८५ टक्के जागा व्यापणारं ते भयंकर चित्र आणि २०१८ पासून छापला जाणारा हेल्पलाइनचा नंबर, दोन्ही गाडेवाल्याच्या ड्रॉवरमध्ये. आम्हाला दिसणार कधी?

माझा गाडेवाला तर मी स्कूटर स्टँडवर लावायच्या आत एक सिगारेट काढून ग्लासाशेजारी ठेवायचा. फिल्टर माझ्या बाजूला. हे प्रेम आहे हो, आणि ते कुठल्याही पुस्तकात नाही.

तेव्हा मी एक छोटी वही केली. सामानाच्या याद्या करायची असते तशी, शर्टाच्या खिशात मावणारी. सोडायचं नाही, फक्त लिहायचं: किती वाजता, कुठे, आणि त्या क्षणी काय करत होतो. दहा दिवस. पहिल्या दिवसाचं पान अजून आहे. '७.४० गाडा, चहा. ९.१५ कुर्टी, गिऱ्हाईक शिडी आणायला गेलंय. ९.५० लाइनमन अजून आला नाही. ११.०५ दुकानात, वायरचं बंडल वरून काढतायत.' खाली खाली तेच. दहा दिवसांच्या पानांवरून पेन्सिल फिरवली तेव्हा दिसलं, की चहाच्या आणि जेवणानंतरच्या तीन-चार सोडल्या तर उरलेल्या सगळ्या कुणाची तरी वाट पाहताना ओढलेल्या. जिरेटोपाची रात्रही तीच. पुस्तक मला ताणाबद्दल समजावत होतं, आणि माझी सिगारेट ताणाची नव्हतीच. ती थांबण्याची होती. इलेक्ट्रिशियनचा अर्धा दिवस थांबण्यात जातो.

हे समजल्यावर उपाय अगदी किरकोळ निघाले. थांबायची वेळ आली की जुन्या वायरचे तुकडे सोलून तांबं वेगळं करायचं, त्यासाठी स्कूटरच्या डिकीत पिशवी. भंगारवाल्याकडून त्याचे पैसेही आले. खिशात बडीशेप. (सुपारी मुळीच नको. सिगारेट सोडून सुपारीला लागणारे मी पाहिलेत, आणि सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगाला कारण ठरते.) गाडा बदलला नाही, कारण भजी त्याचीच चांगली. त्याला सांगून टाकलं, "पात्रांव, आजपासून नुसता चहा." त्याने सिगारेट परत ड्रॉवरमध्ये टाकली आणि काळजीने विचारलं, "कित्याक, बरें ना?" (का, बरं आहे ना?) तब्येत बिघडल्याशिवाय कुणी सोडत नाही, असा आपल्याकडे समज.

आता जरा आकडे, कारण तुम्ही 'खरंच' असं विचारलंय. जगभरचे वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेनने २०१९ मध्ये छापील स्वयंमदत साहित्यावरचे ७५ अभ्यास पाहिले. काहीच मदत न मिळालेल्यांपेक्षा असं साहित्य मिळालेल्यांचं सुटण्याचं प्रमाण साधारण पाचव्या हिश्श्याने जास्त भरलं. ऐकायला बरं वाटतं, पण मुळात कुणाच्याही मदतीशिवाय सोडणाऱ्या शंभरांत सहा महिने ते वर्षभर टिकणारे तीन ते पाचच असतात. पाचाचे सहा झाले, असं समजा. त्या सहाव्या माणसाच्या घरच्यांना विचाराल तर ही वाढ लहान नाही, पण पुस्तकाच्या मलपृष्ठावर जी छातीठोक भाषा असते तिला हा आकडा शोभत नाही. त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट निघाली: ज्याच्या त्याच्या सवयी विचारून त्याच्यापुरता लिहिलेला मजकूर काहीच न देण्यापेक्षा उपयोगी पडतो, पण सगळ्यांना दिल्या जाणाऱ्या एकाच मजकुरापेक्षा तो सरस ठरला तो जास्त वेळा पाठवला तेव्हाच. हे मी नंतर वाचलं आणि खिशातल्या वहीकडे जरा आदराने बघितलं.

कार यांच्या पद्धतीचे जे वर्ग चालतात त्यांचेही आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये रीतसर प्रयोग झालेत आणि निकाल चांगले आहेत. पण वर्ग म्हणजे समोर माणूस बसलेला. ते यश पुस्तकाच्या नावावर मांडू नका.

एका बाबतीत मी पुस्तकाचं ऐकलं नाही. कार यांना निकोटीनचं च्युइंगम वगैरे पसंत नाही, विष विषाने कसं सुटेल असा सूर. त्या सुरापायी पहिल्या दोन्ही खेपांना मी च्युइंगमला हात लावला नव्हता. चूक केली. निकोटीनच्या पट्ट्या, च्युइंगम ह्यांनी सुटण्याची शक्यता सुमारे दीडपट होते, हे कितीतरी प्रयोगांत दिसलंय. २ मिलिग्रॅमचं च्युइंगम फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतं. फक्त ते नेहमीच्या चिंगमसारखं चघळायचं नाही. झिणझिण लागेपर्यंत हळू चावायचं, मग गालात धरून ठेवायचं, झिणझिण गेली की पुन्हा. चहानंतर पंधरा मिनिटं थांबून घ्यायचं, नाहीतर काही उपयोग नाही. मी पहिल्या दिवशी कचाकचा चावलं आणि तासभर उचक्या देत होतो. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि फोन केला. १८००-११-२३५६, केंद्र सरकारची तंबाखू सोडण्याची हेल्पलाइन, फुकट. मला वाटलं होतं प्रवचन मिळेल. तिथल्या बाईंनी आधी विचारलं ते सोडायची तारीख कोणती, आणि मग स्वतः फोन करून खबर घेत राहिल्या. नाटकवाल्याला हे लगेच कळतं: नुसत्या वाचनाने प्रयोग उभा राहत नाही, उभी तालीम लागते आणि विंगेत प्रॉम्प्टर लागतो. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट गेले. दोन ते चार आठवड्यांत बरंच ओसरलं. वजन पाच किलो वाढलं, त्यातलं तीन उतरलं.

गोव्यात आणखी एक अडचण आहे, ती वेगळीच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, गोव्यात फक्त ९.७. सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी करणारा आपला कायदाही १९९७ चा, केंद्राच्या २००३ च्या कायद्याच्या आधीचा. चांगलंच आहे. पण त्यामुळे ओढणारे थोडे, आणि ते रंगमंदिराच्या मागच्या भिंतीशी, गाड्याच्या आडोशाला एकत्र सापडतात. तिथे जी दोस्ती होते ती घट्ट असते. सिगारेट सोडल्यावर मला निकोटीनपेक्षा त्या भिंतीची आठवण जास्त आली. आता मध्यंतरात मी तिथेच जाऊन उभा राहतो, वाऱ्याच्या उलट बाजूला, हातात चहा. ऑर्गनवाला अजून पाकीट पुढे करतो, सवयीने.

तुम्ही पुस्तक वाचाच, पण शेवटचं प्रकरण फ्रिजवर ठेवू नका. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर शरीर चांगलंच गुंतलंय, पुस्तकासोबत पहिल्या दिवसापासून च्युइंगम किंवा डॉक्टर घ्या. दहा-अकरा वाजेपर्यंत आठवणच होत नसेल, तर उद्या सकाळी आधी दहा रुपयांची वही आणा.