भारतात क्रिप्टोच्या व्यवहारांसाठी कॉइनडीसीएक्स, कॉइनस्विच की मुड्रेक्स?

तिन्ही ॲप्सवर रुपयांत व्यवहार करता येतात. मात्र जाहिरातीतले 'शून्य शुल्क' पाहून निवड करू नये. झटपट खरेदीच्या पडद्यावर खरेदीचा आणि विक्रीचा भाव वेगवेगळा असतो आणि खरे शुल्क बहुधा त्या फरकातच दडलेले असते. समजा, हा फरक तीन टक्के असेल, तर 10,000 रुपयांचे बिटकॉइन घेऊन लगेच विकल्यास सुमारे 300 रुपये गेलेच. म्हणून पैसे भरण्यापूर्वी एकाच मिनिटाला तिन्हीकडचे दोन्ही भाव टिपून घ्यावेत.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या दुसऱ्या भारतीय क्रिप्टो ॲपवरून सुमारे 23 कोटी डॉलर्सची चोरी झाली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. जुलै 2025 मध्ये कॉइनडीसीएक्सलाही सुमारे 4.4 कोटी डॉलर्सचा फटका बसला, परंतु तो कंपनीच्या स्वतःच्या खात्याला बसला आणि नुकसान तिनेच सोसले. म्हणूनच, विकत घेतलेले नाणे ॲप आपल्या खासगी वॉलेटमध्ये (ज्याची चावी फक्त आपल्याकडे असते) हलवू देते का, हे आधी तपासावे. मोठी रक्कम ॲपवर ठेवणे मला तरी पटत नाही.

कराच्या बाबतीत ॲप बदलून काहीच साधत नाही: नफ्यावर 30 टक्के कर अधिक उपकर, विक्रीवर एक टक्का टीडीएस आणि तोट्याची वजावट नाही. कंपनीची फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची यंत्रणा) नोंदणी आहे ना, एवढे मात्र पाहावे.